गाळलेली वचनं

उभी हयात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात घालवली, आणि धडे गाळणाऱ्या मास्तरांशी कायम भांडले. परीक्षेला येत नाही म्हणून कविता गाळायची, मुलांना जड जातं म्हणून भूमिती गाळायची, हे मला कधी सहन झालं नाही. त्यामुळे आमच्या पास्टरनं त्या रविवारी जे केलं ते बाकीच्यांच्याही लक्षात आलं असेल, पण राग आला तो मला एकटीला.

आमचं चर्च म्हणजे दवनीवाड्याच्या पुढं, धानाच्या बांध्यांच्या कडेला टिनाच्या छपराखालची एक खोली. पंचवीसेक माणसं सतरंज्यांवर बसतात. पास्टर रेवाराम आठवडाभर सायकलींचे पंक्चर काढतो आणि रविवारी उपदेश करतो. तो माझाच विद्यार्थी. चौथीपर्यंत त्याला पाढे येत नव्हते आणि आता तो मला देवाचं वचन समजावून सांगतो, याची मला अजून गंमत वाटते. पण सांगतो चांगलं. बाहेरून येणारे प्रचारक आवडीचं एखादं वचन उचलतात आणि तासभर त्याच्यावर ओरडतात. रेवारामचं तसं नाही. पुस्तक पहिल्या ओळीपासून धरायचं, आणि मागच्या रविवारी जिथं थांबलो तिथून पुढं जायचं. तो वंशावळीसुद्धा सोडत नाही. कोण कोणाचा मुलगा, एवढ्यावर त्यानं आम्हाला दोन रविवार बसवून ठेवलं होतं. भैय्यालाल उघड घोरायला लागला तरी तो हटला नाही. कोणी कुरकुर केली की म्हणतो, “आपल्याले आवडते तेवढंच वाचलं, तर मंग आपणच देव झालो ना जी.”

वाचनाची पाळीही ठरलेली. बायकांच्या सतरंजीवरून ती पुरुषांच्या सतरंजीकडे जाते आणि परत येते. ज्याची पाळी असेल त्यानं उभं राहून त्या दिवसाचा उतारा मोठ्यानं वाचायचा, मग रेवाराम एकेक ओळ घेऊन उलगडतो. मध्येच बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान डोक्यावरून घरघरत गेलं तर ओळीवर बोट ठेवून थांबतो. विमान गेलं की पुढं.

धान कापून झालं होतं तेव्हा आम्ही बायबलातल्या लूकच्या सातव्या अध्यायात होतो. मागच्या रविवारी रोमी सैन्यातल्या शताधिपतीचा आजारी चाकर बरा झाला होता. पुढं काय आहे ते मला ठाऊक होतं. नाईन नावाच्या गावातली विधवा. तिचा एकुलता एक मुलगा मेलाय, तिरडी वेशीबाहेर निघालीय, आणि येशू समोरून येतो, तिरडीला हात लावतो, आणि मुलगा उठून बसतो. वाचायची पाळी माझी होती. आठवडाभर मी घरात तो उतारा वाचून बघत होते, आवाज कुठं फुटतो ते पाहत होते.

कारण मी विधवा आहे, आणि माझा एकुलता एक मुलगा धनेंद्र जुलैमध्ये मण्यार चावून गेला. दवाखान्याच्या वाटेवरच गेला.

त्या रविवारी मी पदर सावरून उठणार, तेवढ्यात रेवारामनं माझ्याकडे न बघता भैय्यालालला खूण केली. भैय्यालालनं वाचायला सुरुवात केली ती अठराव्या वचनापासून. योहानाचे शिष्य आले, त्यांनी येशूला प्रश्न विचारला, वगैरे. मधली विधवा गेली, तिची तिरडी गेली, अख्खं नाईन गाव गेलं. रेवारामची बायको चमेली माझ्या शेजारी बसली होती. ती उगाच जरा सरकली आणि मला आणखी जागा करून दिली.

जागा तर मला सगळीकडेच मिळत होती. मी विहिरीवर गेले की बोलणं थांबायचं. दुकानात गेले की माझं सामान आधी बांधलं जायचं. धनेंद्रचं नाव तर गावातून असं नाहीसं झालं, जणू तो कधी इथं राहिलाच नव्हता. त्याची मोटारसायकल ओसरीत उभी आहे. एखाद्यानं ती विकता का म्हणून विचारलं असतं तर मी त्याला चार शब्द सुनावले असते आणि मला बरंही वाटलं असतं. कोणी विचारलं नाही. सगळे माझ्याशी इतके जपून वागत होते की संध्याकाळी घरी आल्यावर दिवसभरात आपण कोणाशी बोललो, हे मला आठवूनही सापडत नसे.

नाती आधीच तुटलेली होती. माझ्या यजमानांनी दारू सोडली ती या चर्चमध्ये येऊन, आणि माझा सख्खा भाऊ उदाराम यानं मला सोडलं तेही त्याच पायी. धनेंद्र गेला तेव्हा उदाराम दारापर्यंत आला, रडला, आणि प्रेत पुरणार हे कळल्यावर गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. तिथूनच परत गेला. त्याचं मी समजू शकत होते.

चर्चच्या माणसांचं मात्र मला समजत नव्हतं. नाल्याकाठी आमच्या लोकांना पुरायला जमिनीचा तुकडा आहे. त्या दिवशी तिथं रेवाराम होता, चमेली होती, दुसऱ्या गावाहून आणलेले खड्डा खोदणारे दोन मजूर होते, आणि मी. यजमानांच्या कबरीशेजारी खोदायला गेले तर पाणी लागलं, म्हणून वरच्या अंगाला, उंचवट्यावर खोदलं. पाऊस लागून होता. भैय्यालाल आला नाही, खेमराज आला नाही, ज्यांच्या पोरांना धनेंद्रनं फुकट शिकवण्या दिल्या तेही आले नाहीत. रोवणीचे दिवस होते. धानाचे परे एकदा उपटून ठेवले की लावल्याशिवाय चालत नाही, हे मला कोणी शिकवायला नको, मी शेतकऱ्याचीच मुलगी आहे. पण माझ्या मुलापेक्षा रोपं महत्त्वाची झाली, हे माझ्या मनात रुतलं ते रुतलंच. तेव्हापासून मी कोणाच्या घरचा चहा घेतला नाही.

सोमवारी सकाळी मी रेवारामच्या दुकानावर गेले. तो घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत होता.

“रेवाराम, नाईन कुठी गेलं?”

त्यानं मान वर केली नाही. “बसा ना जी बाई. चाय सांगतो.”

“चाय नोको. कायले गाळलं ते सांग. वंशावळ नाही सोडली तू, जकातदार नाही सोडले. मीच सापडली काय सोडाले?”

“तुमाले तरास झाला असता.”

“तरास तर होऊनच राहिला,” मी म्हणाले. माझा आवाज चढला असणार, कारण पलीकडचा पानवाला आमच्याकडे बघायला लागला. “घरी एकटीले होते, तो चार माणसायत होऊ देला असता. वाचाची पाळी माही होती. पोरगा उठते हे वाचून मी मरणार नाही. मरणार असती तर जुलैतच मेली असती.”

रेवारामनं ट्यूब पाण्यातून काढली, झटकली, परत बुडवली. छिद्र तर सापडलेलं होतं, मला दिसत होतं. शाळेतही उत्तर येत नसलं की तो असाच पाटी पुसत बसायचा.

“बाई, खोटं बोललो मी,” तो म्हणाला. “तुमच्यासाठी नाही गाळलं. पोरगा उठते त्या जागी मी अडकलोच नाही. त्याच्या आधीच अडकलो.”

“कुठी?”

“लिवलं आहे ना, ते बाई पोराले घेऊन निंगाली तवा गावची लय माणसं तिच्यासंगं होती. ते ओळ. तेबी समजावून सांगा लागते. समोर भैय्यालाल बसते, खेमराज बसते. आन् त्यायले तर मीच म्हणलो होतो.”

“काय म्हणला होतास?”

“येऊ नोका म्हणून.” आता त्यानं माझ्याकडे पाहिलं. “भैय्यालाल सकाळीच आला होता माझ्याकडं, का पास्टरजी, केवा निंगाचं? मी म्हणलो, परे उपटून पडले आहेत, मजूर उभे आहेत, तुमी बांधीत जा. माती मी पाहून घेतो. मले वाटलं, मी लोकायचं भलं करून राहिलो. खड्ड्यापाशी आलो आन् तुमी मागं वळून वळून रस्त्याकडं पाहून राहिल्या होत्या. तवा समजलं.”

मी खरंच वळून बघत होते. कोणी ते पाहिलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

मला त्याच्या एक थोबाडीत मारावीशी वाटली. चौथीत मारली नव्हती ती आता. एवढे महिने मी ज्यांचा चहा नाकारत होते, ज्यांच्या नमस्काराला नुसती मान हलवत होते, ती माणसं निघाली होती. यानं त्यांना परतवलं होतं. आणि इतके दिवस तो दर रविवारी समोर उभा राहून आम्हाला ओळ ओळ उलगडून सांगत होता.

“मंग आता?” मी विचारलं.

“आता काय सांगू जी त्या ओळीवर?”

“मले काय विचारतोस? पास्टर तू आहेस. जे आहे ते सांग. येत्या रविवारी मी वाचतो.”

पुढच्या रविवारी मी उभी राहिले आणि अकराव्या वचनापासून वाचायला लागले. गर्दीच्या ओळीशी आवाज स्थिर होता. रडू नको असं येशू तिला म्हणाला, तिथंही स्थिर होता. मेलेला उठून बसला आणि बोलू लागला, तिथं मात्र मी अडले. तो काय बोलला ते लूकनं लिहिलेलं नाही. मुलगा काय बोलला हे त्या बाईला जन्मभर आठवत असणार. धनेंद्र शेवटचं बोलला ते, “माय, लाइट लाव.” लाइट मी आधीच लावला होता. चमेलीनं उठून माझ्या हातातलं पुस्तक धरलं, तिला वाचता येत नाही, नुसतं धरून उभी राहिली, आणि मी उरलेलं वाचून संपवलं.

रेवाराम त्या दिवशी गर्दीच्या ओळीपुढे गेलाच नाही. म्हणाला, नाईनमध्ये आणखीही विधवा असतील, त्यांची पोरं उठली नाहीत, आणि का नाही उठली ते इथं लिहिलेलं नाही, म्हणून मीही सांगणार नाही. पण गावची माणसं सोबत होती हे लिहिलेलं आहे. त्याला कुठलीही विद्या लागत नाही, चमत्कार लागत नाही. तेवढं आपल्या हातात होतं. आणि मग त्यानं सगळ्यांपुढे सांगितलं, की देवकाबाईच्या मुलाच्या मातीला येऊ नका असं मी म्हणालो, ती माझी चूक.

उपदेश चालू असताना आमच्याकडे कोणी बोलत नाही. भैय्यालाल उभा राहिला.

“पास्टरजी, तुमी नोको म्हणलं हे खरं,” तो म्हणाला. “पण तुमी नोको म्हणलं तवा मले बरं वाटलं. मनात म्हणलं, सुटलो. बाईच्या तोंडाकडं पाहाचं काम नाही. परे तर दुसऱ्या दिवशीबी चालले असते.”

तो बसला. खाली बघत होता. मला त्याचा राग आला नाही. पाच महिन्यांत, रेवाराम सोडला तर, माझ्याशी खरं बोललेला तो पहिला माणूस, आणि तेही तो माझ्याशी बोलला नव्हता.

शेवटची प्रार्थना झाल्यावर कोणी ठरवलं, कोणी म्हटलं, मला माहीत नाही. बाहेर आल्यावर मी घराकडे वळले तर सगळे नाल्याच्या वाटेला लागलेले दिसले, बायका, पुरुष, खेमराजची म्हातारी आई काठी टेकत. रेवाराम दाराला कुलूप लावायला मागं राहिला होता आणि चमेली त्याच्याबरोबर. मग कापलेल्या बांध्यांमधल्या धुऱ्यावरून आडवी निघाले आणि त्यांच्याआधी पोचले.

पावसानं माती बसून गेली होती. वर्ष झाल्याशिवाय तिथं काही बांधत नाहीत, त्यामुळे खूण अशी नव्हतीच, वाळलेलं गवत गुडघ्यापर्यंत आलं होतं. मी उंचवट्यावर त्याच्यापाशी उभी राहिले.

ते सगळे खालून आले. यजमानांचा सिमेंटचा क्रूस लांबूनही दिसतो, तिकडे गेले. मुलगा बापाच्या शेजारीच असणार. क्रूसाशेजारच्या रिकाम्या जमिनीभोवती ते दाटीवाटीनं उभे राहिले. भैय्यालालनं डोक्याचा रुमाल काढला, बायकांनी पदर डोक्यावर घेतले, आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या.

मी बघत राहिले. जागा ठाऊक असलेला पास्टर वाटेवर कुठं दिसत नव्हता.

“अजी भैय्यालाल,” मी हाक मारली. “तिथी नाही. इथी आहे तो.”

माना वर झाल्या. मग ते एकेक करून वळले आणि गवत तुडवत माझ्याकडे यायला लागले.