चुरम्याचा तिसरा वाटा

तांदळाच्या दाण्याएवढी सोनेरी पट्टी... फोनवरच्या फोटोला तुपाचं बोट लागलं आणि ती उलट मोठीच झाली. पट्टीखाली परक्या फौजेचा गणवेश, वर चिन्मयचा चेहरा. तिचाच, अमेरिकेत शिकायला गेलेला चिन्मय. "सरकारी काम आहे आई, बढतीचं चाललंय," एवढंच तो म्हणाला होता, आणि तेवढ्यावर त्याच्या आईनं, उत्तरानं, सोळा सोमवार धरले होते. आज उद्यापन. परातीत चुरम्याचे तीन वाटे : देवाचा, शेजाऱ्यांचा, घरचा.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"दोन वर्षं," तिचा नवरा धनेश चपला शोधत म्हणाला. "सांगितलं असतं तर आणखी उपास धरले असतेस. पलटण आहे त्याच्या हाताखाली. आणि आपण तरी इथे आखातात कुणाचं मीठ खातो गं?"

मीठ तर ती सोमवारी जिभेलाही लावत नव्हती... महादेवा, त्याला वर चढव, असं रोज म्हणत होते मी — कुठे, ते नाही सांगितलं. आणि तिकडे त्यानं हात वर करून शपथ घेतली असेल, जुन्या देशाशी नातं उरलं नाही अशी... त्या वेळी मी बेल निवडत असेन.

इथल्याच शाळेत, सहावीत, नाटकात तो हूण झाला होता. रोमन फौजेत साधा शिपाई म्हणून शिरलेला, पुढे त्यांचाच सेनापती. शिरस्त्राण तिनंच केलं होतं, पुठ्ठ्याचं, वर चांदीचा कागद. "आणि त्याची आई रे?" तिनं विचारलं होतं, तर हसून म्हणाला, "आई इज नॉट इन द चॅप्टर."

बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरची सफिया, आपल्या वाट्याची वाटी घ्यायला आलेली. वादी अदाईत आल्यापासूनची शेजारीण.

"बेटे का प्रमोशन हुआ? मबरूक! हमने भी दुआ की थी." मग वाटी छातीशी धरत, "अब किधर भेजेंगे उसको?"

उत्तराकडून धनेशला हे विचारायचं राहिलंच होतं... किंवा विचारायचं नव्हतं. सफियाच्या ओढणीपलीकडे वादी अदाईचे काळे डोंगर उन्हात तापत होते, त्यांच्यामागे समुद्र — आणि तिला ते शिरस्त्राण दिसत राहिलं, जरा मोठंच झालेलं, भुवयांपर्यंत उतरलेलं. पडदा उघडला तेव्हा त्याच्या कडेखालून ते डोळे कुणाला शोधत होते, ते काही केल्या आठवेना.