टेकू कुठे लावायचा

मित्रांनो, झाडूच्या मागे भिंतीला टेकून उभी असलेली जुनी, गंजकी पहार म्हणजे मी. लोहाराने मला पुरुषभर लांब घडवलं आणि मी खाणीतल्या दोन पाथरवट भावांच्या हाती आले.

मी पहिल्या प्रकारची तरफ. माझं एक टोक दगडाखाली, दुसऱ्यावर माणसाचा जोर आणि मधे लाकडाचा टेकू. तो दगडाजवळ असला की चौघांना न हलणारा दगड दोघं भाऊ हलवायचे. "शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ," म्हणत थोरला मिशीत हसायचा. पण टेकू तो एकटाच लावायचा. धाकट्याने नुसता जोर लावायचा, ही वीस वर्षांची रीत. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

एक दिवस दगड घसरला आणि थोरल्याचा पाय खाली सापडला. घाबरलेल्या धाकट्याने मला दगडाखाली खुपसलं, टेकू भलतीकडेच, स्वतःच्या हातांजवळ ठेवला आणि जिवाच्या आकांताने माझ्यावर लोंबकळला. दगड हलेना.

"अरे, टेकू माझ्याकडे सरकव!" थोरला ओरडत होता. धाकट्याच्या कानात काही शिरेना. किती वेळ गेला, मला सांगता येत नाही. शेवटी त्याला ऐकू गेलं. टेकू सरकला, दगड उचलला गेला आणि थोरल्याने पाय ओढून घेतला.

धाकट्याने भावाला आणि मला एकचाकी ढकलगाडीत घालून घरी आणलं. ती दुसऱ्या प्रकारची तरफ: पुढचं चाक हा टेकू, ओझं मधे, हात मागे. घरी थोरल्याची बायको चिमट्याने जखमेतल्या कपच्या काढू लागली. चिमटा तिसऱ्या प्रकारचा: टेकू एका टोकाला, जोर मधे. त्याने ताकद वाचत नाही, पण बारीक वस्तू नेमकी धरता येते.

"फार दुखतंय का हो?" तिने विचारलं.

"नाही गं. पायाला काहीच जाणवत नाही."

तिचा चिमटा तिथेच थांबला.

पाय गेला. धाकट्याने मला या कोपऱ्यात उभं केलं, त्याला अकरा वर्षं झाली. तो माझ्याकडे बघत नाही. मला राग येत नाही, वाईटही वाटत नाही. लोखंड गार असतं, तशी मी आहे. एकदा थोरला कुबडी टेकत आला नि धाकट्याला म्हणाला, "चूक तुझी नाही रे. मीच तुला कधी टेकू लावू दिला नाही."

मित्रांनो, माझा गंज पुसला नाहीत तरी चालेल. पण दोघं मिळून काम करत असाल, तर आज, काही अडलेलं नसताना, एकदा दुसऱ्याच्या हाती टेकू द्या.