काचेआडचं बोलणं

"अगं, ह्याला भिंत कुठंय?"

आमचे हे एवढ्या मोठ्यांदा ओरडले, की सामान घेऊन आलेला माणूस दचकून दारातच थांबला. खोली कड्याच्या अगदी टोकावर, समोर नुसता समुद्र, आणि खोलीच्या मधोमध काचेचं न्हाणीघर. आंघोळ करणारा पलंगावरून नीट दिसावा अशी सोय. त्या माणसाने अदबीने सांगितलं, की ही खोली खास जोडप्यांसाठी ठेवलेली आहे. मी मान खाली घातली. ह्यांना त्यातलं काही कळलं नव्हतं. ते काचेवर टकटक करून बघत होते.

"एवढे पैसे घेतले आणि भिंत बांधायला विसरले!"

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून लेक-जावयाने दोन दिवसांची ही चैन आम्हाला भेट दिली होती. हे जन्मभर कापडगिरणीच्या साचेखात्यात विणकर. शेकडो माग एकदम खडखडायचे तिथे. निवृत्त होईपर्यंत दोन्ही कान कामातून गेले. कानात घालायचं यंत्र लेकीने कधीच आणून दिलं होतं, पण ते आपलं डबीत सुखरूप. "त्यात माणसं कमी आणि भांडी जास्त ऐकू येतात," असं ह्यांचं म्हणणं. अलीकडे मात्र काय अंगात आलं होतं कोण जाणे, सकाळी उठले की यंत्र कानात! चमचा पडला तरी कळवळायचे, पण काढायचे नाहीत. लेकीचं मन राखतायत, असं मी समजले.

तर अशा माणसाला मला एक गोष्ट सांगायची होती.

पुढच्या आठवड्यात माझं ऑपरेशन होतं. छातीत गाठ निघाली होती. वेळेत सापडली, घाबरू नका, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. म्हणायला काय जातं? मी रोज घाबरत होते. थोरल्या बहिणीशिवाय कुणाजवळ बोलले नव्हते, लेकीजवळही नाही. ह्या दोन दिवसांचा विचका करायचा नव्हता. आणि दुसरं असं, की ह्यांना काहीही सांगायचं तर ओरडून सांगावं लागतं. आमच्याकडे मीठ संपलं तरी शेजाऱ्यांना कळतं. छातीतली गाठ कशी ओरडून सांगायची? म्हटलं, तिथे कड्यावर सांगू. समुद्रापुढे कुठले आलेत शेजारी!

पण शेजारी होते. संध्याकाळी गच्चीवर जेवायला गेलो तर प्रत्येक टेबलावर एक मेणबत्ती आणि एक जोडपं. सगळी एकमेकांच्या कानाशी लागलेली. खाली लाटा आपटत होत्या, वर नुसती कुजबुज. अशा ठिकाणी मी तोंड उघडलं असतं तर आचारीसुद्धा बाहेर आला असता. मी पाव कुरतडत राहिले.

हे मात्र खुशीत. इकडे बघ, तिकडे बघ. आणि एकदम खणखणीत आवाजात म्हणाले, "ती निळ्या झग्यातली म्हणतेय, सूप गार आहे. आणि तो म्हणतोय, आभाळ बघ!"

सगळी गच्ची आमच्याकडे वळली. निळा झगा तर लालच झाला. मी टेबलाखालून ह्यांच्या पायावर पाय दिला. हे वरमले. थोडा वेळ सूप ढवळत बसले, मग माझ्याकडे बघून नुसते ओठ हलवले, आवाज अजिबात नाही. 'त्या कोपऱ्यातल्यांचं बिनसलंय. त्याने सगळे फोटो आईला पाठवले.'

मला हसता हसता ठसका लागला. आणि मग जाणवलं, की मला सगळं समजलं होतं.

ती साचेखात्यातली बोली. मागांच्या त्या गोंगाटात कुणाचं कुणाला ऐकू जाणार? सगळे विणकर ओठांवरच बोलायचे. लग्न झाल्यावर ह्यांनी ती मला शिकवली. सासरी एकच खोली. तिच्यात सासू, सासरे, दीर, नणंद आणि आम्ही नवे नवरा-बायको. सगळ्यांच्या देखत आम्ही भिंतीपासून भिंतीपर्यंत गप्पा मारायचो. सासूबाईंना घोर लागला होता. "अरे, बायकोशी चार शब्द तरी बोलत जा," त्या ह्यांना म्हणायच्या. आणि त्यांच्या पाठीमागे उभे राहून हे मला काय काय म्हणत असायचे, ते इथे लिहिता येणार नाही. पुढे आमच्या दोन खोल्या झाल्या, भिंती आल्या, आणि ती बोली मागे पडली. मी ओरडायला लागले आणि हे 'काय?' म्हणायला लागले.

मी पाव खाली ठेवला. नुसते ओठ हलवले, 'मला काही सांगायचंय.'

हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

'पुढच्या आठवड्यात,' मी म्हटलं, आणि पुढे ओठच जुळेनात.

ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. 'माहीत आहे.'

'कुणी सांगितलं? ताईने?'

'तूच.'

गाठीचं सांगायला ताईला फोन केला त्या दिवशी मी गॅलरीत गेले होते. बहिऱ्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून काचेचं दार लावून घेतलं होतं! आणि हे उठून बाहेर आलेच तर कळावं म्हणून खोलीकडे तोंड करून उभी राहिले होते. हे समोर खुर्चीत पेपर धरून बसले होते. माझ्या ओठांवरचा शब्दन् शब्द वाचला त्यांनी.

'तुझ्याइतकी हुशार बाई मी उभ्या जन्मात पाहिली नाही,' हे म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि मेले हसतही होते.

'मग बोलला का नाहीत?'

'तुला हे दोन दिवस हवे होते ना? मलाही हवे होते.'

हल्ली हे माझ्या हातातून भरलेली बादली का काढून घ्यायचे, ते मला आत्ता कळलं. रडू आवरेना. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. काय झालंय ते तिला विचारायचं असेल, पण आमच्यात कुणी काही बोललंच नव्हतं.

सकाळी माझी आंघोळ होईपर्यंत हे न्हाणीघराकडे पाठ करून बसले. "बघ, झाली की नाही भिंत?" म्हणाले. मी कपडे करून बाहेर आले तर हे सज्जात उभे होते, कानातलं यंत्र बोटाने नीट बसवत. त्यांनी माझ्यापुढे टॉवेल धरला.

"हा तोंडावर धर आणि बोल."

"हे काय नवीन?"

"डॉक्टर बाहेर येऊन सांगतील ना मला? मास्क लावून येतात ते. ओठ दिसायचे नाहीत." ते समुद्राकडे बघत होते. "मी काय, बाकड्यावर बसून लोकांना विचारू, माझ्या बायकोचं काय झालं म्हणून? ते मला माझ्या कानांनी ऐकायचंय."

म्हणजे त्या दिवसापासून हा माणूस त्यासाठी चमचे-भांड्यांचा खणखणाट सोसत होता. मी त्यांना पोटाशी धरलं. कोण बघतंय ते बघितलंसुद्धा नाही.

"बरं, काय बोलू?" मी त्यांच्या कानाशी विचारलं.

"त्यांनी जे म्हणायला हवं ते."

मी समोर उभी राहिले. टॉवेल तोंडाला लावला. ह्यांनी डोळे मिटले आणि मान किंचित कलती केली.

"ऑपरेशन नीट झालं. बाई बऱ्या आहेत."

ह्यांनी मान हलवली. नाही. खाली लाट फुटली, तिचाच आवाज कानात भरला असणार. मी पुन्हा म्हटलं. आवाज चढवला नाही, डॉक्टर काही ओरडून सांगणार नाहीत. पुन्हा नाही. मी म्हणत राहिले. म्हणता म्हणता मलाच ते खरं वाटायला लागलं. एकदा ह्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

मी टॉवेल खाली घेतला. "कळलं?"

"कळलं," डोळे न उघडता हे म्हणाले. "परत म्हण."

मी टॉवेल पुन्हा तोंडाला लावला.