धारेवरचं रक्त

प्रयोगशाळेत तिला सगळे धारबाई म्हणत. एक तर दिवसभर ती आदिमानवाच्या दगडी हत्यारांच्या धारा सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची, आणि तिच्या जिभेलाही काही कमी धार नव्हती. कुठल्या दगडाने मांस कापलं आणि कुठल्याने कातडं खरवडलं, हे ती धारेवरच्या बारीक ओरखड्यांवरून सांगायची. पण दूरच्या एका गुहेतून आलेल्या, कातडं खरवडायच्या तळहाताएवढ्या दगडी तासणीच्या धारेत तिला तपकिरी डाग दिसला आणि तिची बोलतीच बंद झाली. रक्त! हजारो वर्षांपूर्वीचं, माणसाचं की जनावराचं, देव जाणे. तिने नमुना तपासणीला दिला आणि मग जिन्यात भेटेल त्याला तेच सांगत सुटली. आईचे तर ऐकून ऐकून कान किटले.

शेजारच्या खोलीत जनुकांची तपासणी करणारा तिचा जुना मित्र होता. निकाल घेऊन तो आला तो आधी दार लावून घेत.

"वाईट वाटून घेऊ नकोस," तो म्हणाला, "पण रक्त आजकालच्या माणसाचं आहे."

तिच्या आनंदावर विरजण पडलं. "कुणी हात लावला? सांग, त्याची बिनपाण्याने करते."

असं होतं म्हणूनच तिथे कामाला लागणाऱ्या प्रत्येकाची लाळ घेऊन ठेवत. आपलाच घाम दगडावर पडायचा आणि आपण तो आपल्या पूर्वजाचा समजून नाचत बसायचो, अशी फजिती नको म्हणून. मित्राने सगळ्यांशी पडताळून पाहिलं होतं.

"तुझ्याशी जुळतंय."

"माझ्याशी? ही बघ माझी बोटं. साधा ओरखडा तरी आहे का?"

"तुझं नाही गं. पुरुषाचं आहे. तुझ्या सख्ख्या भावाचं."

ती हसली. खरंच हसली, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचेना. "माझा भाऊ बुडून मेला. तुला माहितीये."

"माहितीये. म्हणून तर पुन्हा पुन्हा तपासलं."

काही वर्षांपूर्वी धाकट्याचं आणि बाबांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. संध्याकाळच्या बोटीने निघालो, असं बाबांच्या तोंडावर सांगून तो गेला आणि ती बोट बुडाली. निम्मी माणसं सापडलीच नाहीत. बाबा मात्र हातात त्याचा फोटो घेऊन रोज धक्क्यावर जायचे, येईल त्या खलाशाला विचारायचे. शेवटी पाय थकले, आणि गेल्या हिवाळ्यात बाबाही गेले. तो मेलाय, हे आईच्या गळी उतरवायला हिनेच आपला जीव आटवला होता.

तिने गुहेवरच्या उत्खननप्रमुखाला फोन लावला. "ती तासणी काढताना कुणाला लागलं होतं का?"

"लागलं होतं? अहो, एकाचं बोट चांगलंच कापलं होतं! इतक्या हजार वर्षांचा दगड, पण धार बघा. ओरडा बसेल म्हणून गड्याने तसाच पिशवीत घातला आणि गप्प बसला; मला नंतर कळलं. काय झालं, डाग सापडला का? हा काय, समोरच माती चाळतोय."

"त्याला फोन द्या."

मधल्या क्षणांत तिचं आश्चर्य ओसरलं आणि संताप उसळला. जिवंत होता! धडधाकट होता, माती चाळत होता, आणि इथे बापाने वाट बघून बघून प्राण सोडला.

"हॅलो?" आवाज जाडसर झाला होता, पण त्याचाच होता.

"नालायका," ती म्हणाली.

पलीकडे चाळणी खाली पडल्याचा आवाज आला. मग, "तायडे?"

"इतकी वर्षं! एक फोन करता आला नाही तुला?"

"मी करायचा?" तोही उसळला. "गेलास तर आम्हाला मेलास, असं म्हणाले होते बाबा. धक्क्यावर पोचलो, पण बोटीत चढवेना गं. वाटलं होतं, मागून कुणीतरी येईल. कुणी आलं नाही. मग मिळेल त्या ट्रकमध्ये बसलो आणि डोंगरातल्या रस्त्याच्या कामावर गेलो. तिथेही वाट बघितली, मग या गुहेवर आलो. म्हटलं, बरंय, मेलो तर मेलो."

"आणि बोट?"

"कुठली बोट?"

याला माहीतच नव्हतं! चिडावं की रडावं ते तिला कळेना. बोट बुडाल्याचं तिने सांगितलं, बाबांच्या हातातला फोटो सांगितला, धक्का सांगितला.

"म्हणजे बाबा मला शोधत होते?"

"पाय चालत होते तोवर रोज."

तो लहान मुलासारखा हमसून रडू लागला. मित्र दार उघडून हळूच बाहेर गेला.

"तायडे," जरा वेळाने नाक ओढत तो म्हणाला, "बाबांना दे ना फोन."