तापल्या लोखंडाचा आकडा

भट्टीसमोर गप्प उभं राहणं मला जन्मात जमलं नाही, आणि त्या सकाळी तर नाहीच नाही. भट्टीचा तापमापक जळाला होता, नवा लुधियान्याहून संध्याकाळी येणार होता. आत कडबाकुट्टीची चाळीस पाती तापत होती. आणि माझे वडील अजैब सिंग, आमचे भापाजी, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच कारखान्यात आले होते.

"तापमापक हल्ली आला, पुत्तर. मी चाळीस वर्षं रंग बघून पाती काढतोय," भापाजी म्हणाले.

त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे चाचाजी, माझ्याकडे बघत होते. आदल्या दिवशी ते मला बाजूला घेऊन बोलले होते. पाती कच्ची, मऊ निघाली तर वीरजींनी, म्हणजे भापाजींनी, घरी बसावं, भट्टीवर दुसरा माणूस ठेवू. मी रात्रभर तळमळले. भट्टी सुटली तर भापाजी वर्षभरही काढणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होतं.

अकरावीच्या मुलींना मी फिजिक्स शिकवते. म्हटलं, डोळ्यांवर वाद कशाला, मी मोजूनच देते. दोनशे ग्रॅमचा लोखंडी गोळा पात्यांशेजारी ठेवला. तो पात्यांइतका लाल झाल्यावर चिमट्यानं उचलून दोन किलो पाण्यात टाकला. पाणी बावीस अंशांवरून पस्तीसवर गेलं.

"आता यातून काय निघणार?" चाचाजींनी विचारलं.

"एक किलो पाणी एका अंशानं तापवायला चार हजार एकशे शहाऐंशी ज्यूल उष्णता लागते. लोखंडाचं साडेचारशेत भागतं. पाण्यानं किती उष्णता घेतली ते कळलं की गोळा किती अंशांवर होता ते निघतं."

"साडेचारशे काय? तोळे की मण?"

"ज्यूल. दर किलोला, दर अंशाला." माझा आवाज वर्गातला झाला. एकक न लिहिणाऱ्या मुलीला मी सरळ शून्य देते.

भापाजी दाढीवरून हात फिरवत ऐकत होते. "हा साडेचारशे गार लोखंडाचा की तापलेल्याचा?"

"लोखंड ते लोखंड, भापाजी."

"तसं नसतं गं. लाल व्हायला लागलं की त्याची भूक वाढते. शेवटच्या शंभर अंशांना भट्टी किती तेल ढोसते, ते मला विचार."

"ती भट्टीची गळती," मी म्हटलं आणि खडूनं लोखंडी पत्र्यावर हिशेब मांडला. उत्तर आलं जवळपास साडेबाराशे. पात्यांना हवे होते साडेआठशे.

"साडेबाराशेला लोखंड पिवळंधमक होतं. ही मला तर डाळिंबाच्या दाण्यासारखी दिसतायत," भापाजी म्हणाले.

खरं सांगायचं तर मलाही लालच दिसत होती. पण माझ्या हातात आकडा होता, आणि आकड्यामागे एकक होतं.

"वीरजी, डोळे," चाचाजी हळूच म्हणाले.

भापाजींनी भट्टीत पाहत एक डोळा मिटला, मग दुसरा. मग वाकून चारशे अंश उतरवायला बर्नर कमी केला आणि पाती काळपट पडेपर्यंत वाट बघत बसले.

मला बसवेना. काहीतरी टोचत होतं. ऑफिसात जाऊन पुस्तक काढलं. साडेचारशेचा आकडा होता तिथेच होता, फक्त रकान्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: वीस अंश सेल्सियसला. पुढच्या पानावर तापल्या लोखंडाचा तक्ता होता. साडेआठशे अंशांपर्यंतची सरासरी सहाशे साठ. नवा हिशेब केला तेव्हा उत्तर आलं आठशे साठ.

मी धावत आले. पाती कडक करायच्या तेलात जाऊन बाहेरही आली होती. चाचाजी एका पात्यावर कानस घासत होते आणि कानस सरळ रुतत होती. गार पडून तेलात गेलेलं पातं मऊ राहिलं होतं.

"भापाजी, तुमचा डोळा बरोबर होता," मी म्हटलं. "मी गार लोखंडाचा आकडा घेतला. तुम्ही विचारलं होतंत, मीच तुम्हाला उडवून लावलं." शरमेनं मला मान वर करवेना.

चाचाजींनी कानस खाली ठेवली. मग म्हणाले, "जाऊ दे. पाती काही मेली नाहीत, पुन्हा तापवा. भट्टी वीरजींचीच."

मला इतकं हायसं वाटलं की रडूच आलं. भापाजींनी चाळीसही पाती एकेक करून आत लावली, बर्नर वाढवला. आम्ही उभे राहिलो. पाती काळ्याची तपकिरी झाली, तपकिरीची लाल होऊ लागली. मी त्यांच्या हाताकडे बघत होते, चिमटा कधी उचलतात म्हणून. ते उचलेनात; पुन्हा एक डोळा मिटत होते, मग दुसरा.

"पुत्तर, बघ जरा. झाला का रंग?"

"तुम्हीच बघा ना, भापाजी. तुम्हाला कळतं."

"मी बघतोय," ते म्हणाले. "पण आधी तू सांग."

मी भट्टीत डोकावले. मला नुसतं लाल दिसत होतं.