चादरीखाली गेलेला माझा पांढरा रंग

मित्रांनो, माझ्याकडे बघून ‘काय छान हिरवीगार आहे’ असं म्हणणार असाल, तर जरा थांबा. दिल्लीच्या आर. के. पुरममधल्या एका सरकारी क्वार्टरच्या बैठकीच्या खोलीत, फिश टँकमध्ये राहणारी मी एक जुनी पाणवनस्पती आहे, आणि हा हिरवा रंग माझा नव्हे. माझी पानं पांढरी होती. त्यांवर गुलाबी शिरा होत्या आणि कडेने थोडी हिरवी नक्षी. ते सगळं कसं गेलं, हे आठवलं की अजून माझ्या मुळांना कापरं भरतं.

दुकानातून मला नचिकेतने आणलं. तो स्पर्धा परीक्षेची तयारी करायला दिल्लीत आला होता. त्याच्या भाड्याच्या खोलीला खिडकीसुद्धा नव्हती. अभ्यासातून मान वर केली की काहीतरी जिवंत दिसावं, म्हणून त्याने हा टँक घेतला, वर चांगला दिवा लावला आणि वाळूत मला रोवलं. मी तिथे मजेत वाढले. फक्त दर रविवारी तो कात्री घेऊन यायचा आणि माझी एखादी पूर्ण हिरवी फांदी दिसली की मुळापासून कापायचा. माझ्या सगळ्यात दणकट फांद्या हा नेमक्या का कापतो, म्हणून मला त्याचा भारी राग यायचा.

त्याचं बरोबरच होतं. पांढऱ्या पानाला स्वतःपुरतं अन्नही नीट तयार करता येत नाही, ते काम कडेच्या हिरव्या नक्षीचं. तीही बिचारी हळूहळू करते. पूर्ण हिरव्या फांदीचं तसं नसतं. ती भराभर वाढते, वरचा उजेड अडवते आणि शेजारची पांढरी पानं उपाशी राहतात. एवढं साधं गणित, पण मला ते फार उशिरा कळलं.

नचिकेतला परीक्षेत यश आलं नाही. त्याला नाशिकला नोकरी लागली. रेल्वेतून टँक नेणार कसा? म्हणून तो मला इथे, आपल्या बहिणीकडे, कुमुदताईंकडे घेऊन आला. त्यांची मुलगी सृष्टी सहावीत होती. माशांना किती खायला घालायचं, पाणी कसं बदलायचं, दिवा कधी लावायचा, हे सगळं त्याने तिला समजावलं. हिरव्या फांद्या कापायच्या, हे सांगायचं मात्र राहूनच गेलं. आपण नखं कापतो हे कुणी कुणाला मुद्दाम सांगतं का? तसं झालं ते.

निघताना तो म्हणाला, “भाऊबीजेला येईन तेव्हा हिची एक फांदी बाटलीतून घेऊन जाईन. तोवर सांभाळशील ना?”

“बिल्कुल, मामा. जशी आहे तश्शी देईन,” सृष्टी म्हणाली.

सुरुवातीला माझे नुसते लाड होते. सृष्टीचे बाबा, बळवंतराव, मंत्रालयातल्या सहकाऱ्यांना घरी बोलवायचे, तेव्हा चहाच्या आधी मला दाखवायचे. तमिळ, बंगाली, पंजाबी, सगळी मंडळी वाकून बघायची. मला त्या कौतुकाची चटकच लागली. मग एक हिरवी फांदी फुटली. ती इतकी जोमदार होती की घरात सगळ्यांना आनंदच झाला. तिच्यामागून आणखी फुटल्या. पावसाळा संपेपर्यंत माझी एक बाजू हिरवी झाली होती, आणि मग सृष्टी घाबरली.

तिने मामाला सांगायला हवं होतं. पण शब्द दिला होता ना! व्हिडिओ कॉल आला की ती फोन टँकच्या उजवीकडे धरायची, कारण पांढरी पानं तेवढी तिकडेच उरली होती. मामा म्हणायचा, “अच्छा, मस्त ठेवली आहेस.” ती मान हलवायची आणि घाईने फोन ठेवायची.

नवरात्र आलं. कुमुदताईंनी देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात घट बसवले. परडीतल्या मातीत पेरलेलं धान अंधारात पिवळंधमक उगवलं. आणि तिथेच घात झाला.

“उजेडात धान हिरवं होतं, अंधारात पिवळं,” त्या सृष्टीला म्हणाल्या. “हिचंही तसंच असणार. दिव्याने हिरवी पडली आहे ती.”

“मामाला विचारू या का?”

“त्याला कशाला काळजीत टाकायचं? दसऱ्यापर्यंत छान पांढरी होईल, मग फोटो पाठवू.”

त्यांनी दिवा बंद केला आणि पानिपतची जाड चादर दुहेरी करून टँकवर घातली. माशांना खायला घालण्यापुरता तिचा एक कोपरा उचलला जायचा. किती मायेने केलं होतं हो त्यांनी ते! पण धानाला आतल्या दाण्याची शिदोरी असते. तिच्यावर ते अंधारातही उगवतं. मला कुठला दाणा? माझं सगळं पोट उजेडावर.

पांढरी पानं आधी गेली. ती काचेसारखी पारदर्शक झाली, मग लिबलिबीत, आणि पाण्याच्या हलक्या धक्क्याने सुटून खाली पडू लागली. मी हादरून गेले. मला वाटत होतं, माझी हिरवी पानंही त्यांच्याबरोबर जातील. ती गेली नाहीत. थोडी फिकी पडली, पण टिकली. माझाच एक भाग मरत होता आणि माझाच दुसरा भाग शेजारी धडधाकट उभा होता, हे मला आजही सहन होत नाही.

दसऱ्याला केसांत धान खोवून सृष्टीने चादर काढली. पाण्यात एकही पांढरं पान नव्हतं. ती चादर हातात धरून उभी राहिली. कुमुदताईंनी धावत येऊन दिवा लावला. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू मिठाई घेऊन आल्या आणि मला बघून कौतुकाने म्हणाल्या, “अरे वाह, कितनी हरी-भरी हो गई है.”

भाऊबीजेला नचिकेत आला. पिशवीत रिकामी बाटली होती. त्याने बाह्या सरसावून हात पाण्यात घातला आणि माझी एकेक फांदी बाजूला करून खालपर्यंत पाहिली.

“मामा, पांढरी पानं परत येतील ना?”

“नाही यार. सगळी हिरवी झाली की नाही येत सहसा.” मग त्याने विचारलं, “पहिली हिरवी फांदी आली तेव्हा का नाही सांगितलंस?”

“तुला वाईट वाटलं असतं.”

“तेव्हा नुसती कात्री पुरली असती गं.”

कुमुदताई आतून म्हणाल्या, “तिला बोलू नकोस. चादर मी घातली.” नचिकेतने मान हलवली. कात्रीचं आपणच सांगायला विसरलो, असं तो पुटपुटला. त्यांनी त्याला ओवाळलं तेव्हा दोघांचेही डोळे भरले होते. बाटली तशीच रिकामी नाशिकला परत गेली.

मित्रांनो, कुणी विश्वासाने तुमच्याकडे काही सांभाळायला दिलं आणि ते बिघडू लागलं, तर पहिल्याच दिवशी सांगा. समोरच्याला वाईट वाटेल, कदाचित तो रागावेलही, पण तेव्हा निदान काहीतरी करता येतं. आपल्याच अंदाजाने उपाय करू नका, माझी हात जोडून विनंती आहे.

सृष्टी आता शाळेतून आली की दप्तर टाकते, टॉर्च घेते आणि माझं पान न् पान तपासते. कधी एखाद्या पानावर प्रकाशाची तिरीप पडून ते पांढरं दिसतं. तेव्हा ती श्वास रोखून काचेला नाक लावते. मग मासा जवळून जातो, पान हलतं आणि पुन्हा हिरवं दिसू लागतं. काल ती मला हळूच म्हणाली, “उद्या बघू हं.” मला तिच्याशी बोलता येत नाही, हे किती बरं आहे.