कोंडवाड्यातलं विमान

अर्जुनराव चेअरमन विमानाने येणार म्हणून आमची चारा छावणी उठवायचा हुकूम निघाला, तेव्हाच माझं डोकं फिरलं. पाऊस नाही म्हणून ऊस नव्हता, ऊस नाही म्हणून तोडीला जाता आलं नाही. साखर कारखान्याच्या धावपट्टीलगत आम्ही बाया जनावरं बांधून बसलो होतो. छावणी कारखान्यानेच उघडलेली! पण चेअरमनसोबत मुंबईचे पाहुणे येणार, त्यांच्या नजरेला बरगड्या निघालेली गुरं पडायला नकोत. इथून उठलो की माझे दोन्ही बैल खाटकाकडे जाणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं.

"मावशे, उद्याच्याला जागा मोकळी पायजे," कारखान्याचा माणूस बंकट येऊन म्हणाला.

"चेअरमनला म्हणावं, आमी न्हाई हालत," तुळजाबाई म्हणाली. ती आमच्यात वयाने थोरली, आणि जिभेने तर सगळ्या तालुक्यात.

दुसऱ्या दिवशी कुणीच हाललं नाही. विमान आलं, चाकं टेकली, धुरळा उडाला, पण ते थांबायचं नाव घेईना. एकाएकी डावीकडे वळलं आणि पट्टी सोडून सरळ आमच्यावरच आलं. बाया ओरडत पांगल्या. विमान आमच्या कडब्याच्या गंजीत घुसलं. तोंड आत, शेपूट बाहेर. पंख्याने जाता जाता चार दिवसांच्या वैरणीची कुट्टी करून टाकली.

आम्हीच कडबा उपसून सगळ्यांना बाहेर काढलं. पायलट धावपट्टीकडे बघत होता. "उजवा ब्रेक लागलाच नाही," तो म्हणाला. "ही गंजी नसती तर आपण त्या पलीकडच्या विहिरीत..."

"तुम्ही गप बसा," चेअरमन त्याच्यावर खेकसले. मग डोक्यातल्या काड्या झटकत पाहुण्यांकडे वळले. "यांची जनावरं पट्टीवर आली, म्हणून विमान वळवावं लागलं. बंकट, सांजच्याला छावणी साफ कर!"

ज्यांनी जीव वाचवला त्यांच्यावरच खोटा आळ घेत होता! एकाही जनावराचं दावं सुटलं नव्हतं. माझं अंग रागाने पेटलं.

"चेअरमनसाहेब," मी पुढे झाले, "दुसऱ्याच्या वैरणीत जनावर शिरलं तर गावात काय करत्यात?"

शेतकऱ्याचंच पोर ते, त्यांना ठाऊक होतं.

"कोंडवाड्यात घालत्यात," तुळजाबाई म्हणाली आणि तिने दावं आणून विमानाच्या शेपटाला आवळलंसुद्धा. दुसरं टोक माझ्या बैलांच्या खुंट्याला.

"अगं बाई, इमान हाय ते, रेडा न्हाई!" बंकट ओरडला.

"वैरण तर रेड्यावानी उधळली की!" तुळजाबाई म्हणाली.

बाया हसल्या. पाहुण्यांतलाही एक हसला, तसे चेअरमन लालबुंद झाले. "फौजदाराला बोलावतो. एकेकीला आत टाकतो!"

"बोलवा," मी म्हणाले. "आमी हितंच हाव. पण आधी पायलटसाहेबाला इचारा, कुणाचं जनावर मोकळं सुटलं व्हतं."

सगळे पायलटकडे पाहू लागले. त्याने एकदा चेअरमनकडे पाहिलं, एकदा विहिरीकडे. "जनावरं जागेवरच बांधलेली होती," तो म्हणाला. "ब्रेक गेला होता. या बायकांमुळे आपण उभे आहोत."

पाहुणे चेअरमनच्या तोंडाकडे बघत राहिले. चेअरमन म्हणाले, "बरं. राहू दे छावणी."

"पाऊस पडंस्तोवर?" मी विचारलं.

"पडंस्तोवर. कडबाही देतो." आणि ते दावं सोडायला वाकले.

तुळजाबाईने त्यांचा हात धरला. "आसं न्हाई. कोंडवाड्याची रीत हाय. आधी भरपाई, मग जनावर."

चेअरमन पाहुण्यांना घेऊन जीपने गेले. विमान माझ्या बैलांशेजारी बांधलेलं राहिलं. दिवस कलताना मी बैलांना पाणी दाखवलं. त्याला नाही दाखवलं.